जखमी मेंदूची आडवाट

डोक्याला गोळी लागूनही जगलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न वैद्यकासमोर मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो पहिल्या महायुद्धात. तोपर्यंत असे जखमी बहुधा दगावत. खंदकाच्या लढाईत सैनिकाचे धड मातीआड राही आणि डोके तेवढे उघडे पडे. १९१५-१६ मध्ये फ्रेंच, ब्रिटिश आणि जर्मन सैन्यांनी पोलादी शिरस्त्राणे आणली, आघाडीच्या जवळच शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि कवटी फुटूनही वाचलेली तरुण माणसे हजारोंनी घरी परतली. त्यांतल्या पुष्कळांचे हातपाय धड होते. पण कुणाला अक्षर ओळखू येत नसे, कुणाला हाक मारायला शब्द सापडत नसे, कुणी सकाळी खाटेवर बसवले तर सांगितल्याशिवाय उठत नसे.

यांच्यासाठी काही करता येईल, अशी आशा तेव्हाच्या शास्त्राला फारशी नव्हती. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचेचा संबंध मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागाशी जोडला. त्यानंतरच्या अर्धशतकात मेंदूचा जणू सातबारा तयार झाला: हा तुकडा बोलण्याचा, तो पाहण्याचा, पलीकडचा हात हलवण्याचा. तुकडा गेला की त्यावरचे पीकही गेले, असा त्याचा सरळ अर्थ लावला जाई. नष्ट झालेल्या चेतापेशी पुन्हा उगवत नाहीत, हेही माहीत होते. रुग्णाला पेन्शन द्यावी आणि घरी पाठवावे, एवढेच उरत होते.

ही समजूत आधी हलली ती जर्मनीत. कोलोनमध्ये वाल्टर पॉपेलरॉयटर यांनी डोक्याला जखम झालेल्या सैनिकांना तपासून त्यांना कामाला लावण्याची केंद्रे उभारली. फ्रँकफुर्टमध्ये कुर्ट गोल्डश्टाइन यांनी मेंदूच्या जखमांच्या परिणामांवर संशोधन करणारी संस्था काढली. तिथे वॉर्ड होता, मानसशास्त्राची प्रयोगशाळा होती, प्रौढ सैनिकांना पुन्हा वाचनलेखन शिकवणारी शाळा होती आणि कार्यशाळाही होती. या चार गोष्टी एका छपराखाली आणणे हेच गोल्डश्टाइन यांचे मोठे काम. कागदावरच्या चाचणीत नापास होणारा माणूस सुतारकाम नीट करतो, आणि चाचणीत चांगले गुण मिळवणारा कामाच्या जागी गोंधळून जातो, हे कार्यशाळा नसती तर दिसलेच नसते.

गोल्डश्टाइन आणि त्यांचे सहकारी आडेमार गेल्ब यांच्याकडे श्नायडर नावाने ओळखला गेलेला एक सैनिक होता. त्याच्या डोक्यात मागच्या बाजूला सुरुंगाचे तुकडे घुसले होते. आकार नजरेने ओळखणे त्याला जमत नव्हते, तरी तो वाचत असे. बारकाईने पाहिल्यावर उमगले की वाचताना त्याचे डोके आणि हात सूक्ष्मपणे हलत. तो अक्षरे हालचालीने गिरवत होता आणि त्या हालचालीवरून ती ओळखत होता. डोके घट्ट धरले की वाचन थांबे. हा मार्ग त्याला कुणी शिकवला नव्हता. बंद पडलेल्या रस्त्याला त्याच्या मेंदूने स्वतःच वळसा शोधला होता. गोल्डश्टाइन यांनी आणखी एक गोष्ट टिपली. न झेपणारे काम समोर आले की हे रुग्ण एकदम थरथरत, चिडत, रडत. याला त्यांनी ‘अनर्थाची प्रतिक्रिया’ म्हटले. हेच रुग्ण आपल्या वस्तू अगदी काटेकोर मांडून ठेवत. घरच्यांना हा हट्ट वाटे, पण कोसळू नये म्हणून माणसाने स्वतःभोवती घातलेले ते कुंपण होते. घरच्या माणसांचा किती राग आणि किती दुःख एवढ्या एका निरीक्षणाने हलके झाले असते! १९३३ मध्ये नाझींनी ज्यू असलेल्या गोल्डश्टाइन यांना अटक केली आणि देश सोडण्याच्या अटीवर सोडले. ते अ‍ॅमस्टरडॅममार्गे अमेरिकेला गेले.

वळसा शोधून काढणे आणि तो शिकवणे यांत मोठे अंतर आहे. ते कापले गेले उरल पर्वताच्या परिसरात. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा मॉस्कोचे मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर अलेक्सांद्र लूरिया ३८ वर्षांचे होते. मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी रुग्णालय काढण्याचे काम त्यांच्यावर आले. चेल्याबिन्स्कजवळ किसेगाच इथे ४०० खाटांचे नवे आरोग्यधाम मिळाले आणि महिन्याभरात तिथे प्रयोगशाळा आणि प्रशिक्षणाच्या खोल्या उभ्या राहिल्या. सुरुवातीला सुमारे ३० जण होते. अपुऱ्या राहिलेल्या कामांच्या स्मृतीवरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या ब्ल्यूमा झैगार्निक त्यांत होत्या. उपकरणे अगदी साधी, आणि जखमी मात्र एकसारखे येत राहिले.

लूरिया यांनी आधी दोन प्रकारची हानी वेगळी काढली. जखमेच्या धक्क्याने काही भाग नुसते गप्प होतात. काळ आणि औषधे यांनी ते पुन्हा बोलू लागतात. जे ऊतक मेले ते मात्र परत येत नाही, आणि खरे शिकवणे तिथून सुरू होते. त्यांचे म्हणणे असे की वाचणे, लिहिणे, गोष्ट सांगणे ही कामे एका जागी राहत नाहीत. अनेक भाग मिळून ती पार पाडतात. त्यांचा दाखला श्वासाचा असे. पडद्याचा स्नायू लुळा पडला तर बरगड्यांचे स्नायू पुढे येतात. काम तेच राहते, करणारे बदलतात. म्हणून साखळीतला नेमका कुठला दुवा तुटला हे शोधायचे आणि त्या जागी शाबूत दुवा बसवायचा. नजरेने अक्षर न ओळखणाऱ्याला ते बोटाने गिरवून वाचायला शिकवत. सरावाने बोट थांबे आणि काम आत होई. मेंदूचा पुढचा भाग जखमी झालेला सैनिक वाक्य बोलू शके, पण गोष्ट पुढे नेऊ शकत नसे. ‘एकदा’, ‘मग’, ‘तेवढ्यात’ असे जोडणारे शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या समोर ठेवल्या की तोच माणूस गोष्ट पुरी करी. आतला सुटलेला धागा बाहेरून हाती दिला जात होता.

या कामाची सर्वांत खोल साक्ष ल्येव झासेत्स्की या तरुणाची आहे. पॉलिटेक्निकमधले शिक्षण सोडून तो युद्धावर गेला. २ मार्च १९४३ रोजी त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात गोळी घुसली. उजवीकडचे जग त्याला दिसेनासे झाले; कधी स्वतःच्या शरीराची उजवी बाजूही हरवे. ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतला फरक त्याला कितीही वेळा सांगितला तरी कळत नसे, कारण दोन शब्दांमधले नाते धरून ठेवणारा भागच गेला होता. मेंदूचा पुढचा भाग मात्र शाबूत होता, म्हणून आपले काय गेले आहे हे त्याला पुरते कळत होते. लिहिणेही गेले होते. एके दिवशी त्याला सांगण्यात आले की अक्षरांचा विचार करू नको, हात न उचलता शब्द एका दमात लिही. रशियन भाषेतला ‘रक्त’ हा शब्द त्याने लिहिला, आणि तो बरोबर होता. अक्षरांची आठवण नजरेतून गेली होती, हातात राहिली होती. लिहिलेले त्याला वाचता येत नव्हते, तरी तो लिहू लागला आणि सुमारे २५ वर्षे लिहीत राहिला. कधी दिवसभरात अर्धे पान होई. सगळे मिळून ३००० च्या आसपास पाने झाली. लूरिया यांनी त्यांतील भागांवर स्वतःची टिपणे जोडून १९७१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. झासेत्स्की पूर्ण बरा झाला नाही. ते लेखन मात्र त्याचे रोजचे काम झाले, आणि त्याला जगण्याला धरून ठेवणारी गोष्टही.

किसेगाचला मिळालेले धडे लूरिया यांनी १९४८ मध्ये ग्रंथात मांडले; तो इंग्रजीत यायला १९६३ साल उजाडले. त्याच युद्धकाळात अलेक्सेई लेओन्त्येव आणि अलेक्सांद्र झापोरोझेत्स उरलमध्येच जखमी हातांवर काम करत होते. ‘हात जमेल तितका वर कर’ म्हटल्यावर रुग्णाचा हात जितका उचलला जाई, वर ठेवलेली एखादी वस्तू घ्यायला सांगितल्यावर तो त्याहून वर जाई. हेतू मिळाला की हालचालीला बळ मिळते, ही गोष्ट मेंदूच्या रुग्णांनाही लागू पडली.

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डचे सेंट ह्यूज कॉलेज १९४० मध्ये डोक्याच्या जखमांचे लष्करी रुग्णालय झाले. ह्यू केर्न्स यांच्या देखरेखीखाली तिथे सुमारे १३,००० सैनिकांवर उपचार झाले. एडिंबराजवळ बँगोर इथल्या केंद्रात मानसशास्त्रज्ञ ऑलिव्हर झँगविल होते. १९४७ च्या निबंधात त्यांनी पुनर्वसनाचे तीन मार्ग सांगितले: गेलेल्या क्षमतेला वळसा घालणे, तिच्या जागी दुसरी पद्धत बसवणे, आणि सरळ सराव करून घेणे. तिसऱ्यावर त्यांचा भरवसा सर्वांत कमी होता.

शांतता आल्यावर ही केंद्रे मिटली आणि त्यांचे ज्ञान बरेचसे कपाटात गेले. ते पुन्हा बाहेर काढले मोटारींनी. रस्त्यावरच्या अपघातांत डोके फुटलेले तरुण अतिदक्षता विभागामुळे वाचू लागले. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये बेशुद्धी मोजण्याची मोजपट्टी दिली आणि १९७५ मध्ये महिन्यांनंतर माणूस कसा जगतो हे नोंदवणारी दुसरी. १९७३ च्या युद्धानंतर इस्रायलमध्ये येहुदा बेन-यिशाय आणि लेनर्ड डिलर यांनी जखमी सैनिकांसाठी दिवसभराचा, गटाने चालणारा उपक्रम आखला, आणि १९७८ पासून तसाच न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. माणसाने आपली जखम ओळखावी आणि तिच्यासकट लोकांत वावरावे, हा त्याचा गाभा होता. घरच्यांनाही त्यात बसवत.

इंग्लंडमधल्या ईली गावी १९९६ मध्ये बार्बरा विल्सन यांनी काढलेल्या केंद्राला झँगविल यांचे नाव दिले. विल्सन यांनी स्मृती गेलेल्यांवर एक साधा पेजर वापरून पाहिला. तो बनवला होता कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने आणि एका न्यूरोसायकॉलॉजिस्टने. त्या इंजिनिअरच्या मुलाच्याच डोक्याला इजा झाली होती. ठरल्या वेळी पेजर वाजे आणि पट्टीवर शब्द उमटत: गोळी घे, बस पकड, आईला फोन कर. किसेगाचच्या चिठ्ठ्यांचे काम आता खिशातले यंत्र करत होते. काही रुग्णांची कामे पेजर परत घेतल्यावरही वेळच्या वेळी होत राहिली.