अकरा रुपयांचा आहेर

सीताबर्डीवरच्या एका बँकेत मी कारकून आहे. लग्नसराई आली, की आमच्या काउंटरवर एक-एक रुपयाच्या नाण्यांसाठी झुंबड उडते. आहेर करायचा तो अकराचा, एकशे अकराचा, फार झाले तर अकराशे अकराचा. वर एक रुपया असला की रक्कम दुभंगत नाही. तसाच संसारही दुभंगू नये.

हा समज मी बी.कॉम. असूनही इतकी वर्षे जपला. परवा जेवता जेवता माझ्या मुलीने तो मोडला. "बाबा, एकशे अकराला तीनने भाग जातो. सदतीसचे तीन वाटे! अकराशे अकरा म्हणजे अकरा गुणिले एकशे एक."

थोडक्यात, अभंग आहेर काय तो अकराचाच. अकरा ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कोणाचाच भाग जात नाही. नुसत्या एकांची पुढची मूळ संख्या कोणती, असे विचारले तर म्हणाली, "एकोणीस एकांची." म्हणजे अकरा परार्धांच्या वर रुपये! एवढा आहेर करणारा नातेवाईक आमच्यात नाही. त्यानंतर तेवीस एकांची, आणि मग एकदम ३१७ एकांची.

तिला गणित घेऊन बी.एस्सी. करायचे आहे. "पण त्याचा उपयोग काय?" मी विचारले. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी हेच विचारले होते. मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी कॉमर्सला गेलो.

मुलीला सुचले. तिने द. रा. कापरेकरांचे नाव घेतले. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवले, १९२९ला बी.एस्सी. झाले, आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. पुढची पदवी नाही, की प्राध्यापकी नाही. या एकांच्या रांगांवर त्यांचा भारी जीव. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा १२३२१. नऊ एकांपर्यंत आकडे रामटेकच्या गडासारखे पायरी-पायरीने चढतात नि तसेच उतरतात. या संख्यांना त्यांनी नाव दिले 'डेम्लो'. कल्पना ज्या रेल्वे स्टेशनावर सुचली, त्याचेच नाव! आम्हांला स्टेशनावर फक्त गाडी लेट असल्याचे सुचते.

पुस्तिका स्वतःच छापायच्या, विद्वानांनी नाक मुरडायचे, असे बरेच दिवस चालले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाला देवळाली कळली. १९८६ साली कापरेकर वारले. त्याच वर्षी विल्यम्स आणि डबनर या दोघांनी १,०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता छापली. देवळालीच्या मास्तरांनी जन्मभर कुरवाळलेल्या त्या एकांच्या मागे कॉम्प्युटर लागले होते.

"आता सांगा, बत्तीस वर्षे शाळा सांभाळून त्या माणसाने हे का केलं असेल?" मुलीने विचारले.

मी रोज लाखांची बेरीज जुळवतो. ती जुळली म्हणून आनंद झाल्याचे मात्र आठवत नाही. जुळली, की घरी जायला मिळते एवढेच. मी मुकाट्याने तिच्या फॉर्मवर सही केली आणि तिच्या हातावर अकरा रुपये ठेवले.

"काहून हो, एवढेच?" सौ. म्हणाली.

म्हटले, "पुढचा अभंग आहेर आपल्याला परवडत नाही."