शाळा हीच प्रयोगशाळा

अमेरिकेत शिकागो विद्यापीठामध्ये जॉन ड्युई यांनी जानेवारी १८९६ मध्ये एक प्राथमिक शाळा सुरू केली. मुले १६ आणि शिक्षक दोन. रसायनशास्त्राला जशी प्रयोगशाळा लागते तशी शिक्षणशास्त्रालाही लागते, असा त्यांचा विचार होता. मुले स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करता करता शिकत आणि शिक्षणाविषयीच्या कल्पना तेथे तपासून पाहिल्या जात.

आपल्याकडे याच जातीचा एक प्रयोग झाला तो मात्र विद्यापीठाबाहेर, डहाणू तालुक्यात (तेव्हा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर). ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या. शहरात रुळलेली माँटेसरी पद्धत गरीब खेड्यात चालेल का, हा प्रश्न होता.

पहिली अडचण साधनांची. ती महाग होती. मग महत्त्वाचे काय, साधन की त्यामागचे तत्त्व? मोजणे, वर्गवारी करणे, लहान-मोठे ओळखणे यांसाठी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे पुरतात, हे बोर्डीत दिसून आले.

दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. मुले शाळेपर्यंत येतच नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरू लागली, तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली.

आम्हा संशोधकांना ही रीत ओळखीची आहे. अपेक्षित निष्कर्ष आला नाही, तर दोष पदार्थाला देऊन चालत नाही. गृहीतक किंवा मांडणी तपासावी लागते. ‘या मुलांना शिकायचेच नाही’ असे म्हणून थांबणे सोपे होते. ताराबाई-अनुताईंनी मुलांऐवजी शाळा बदलून पाहिली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. शब्द योजनेबरोबर पसरतो, तपासून पाहण्याची सवय मात्र तशी पसरत नाही. आपल्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा असतातच. त्या एक महिनाभर निरीक्षण म्हणून वाचून पाहाव्यात: कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या कामासाठी घरी राहिले? प्रयोगाची सुरुवात तेथून करता येईल.