कुतच्या वेढ्यातील उखळी तोफा आणि दख्खनी मुसलमान शिपाई

आजच्या पायदळाच्या पलटणीत उखळी तोफांची, म्हणजे मॉर्टरची, स्वतंत्र तुकडी असते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी मेसोपोटेमियात गेलेल्या हिंदी पलटणींजवळ असे काही नव्हते. जनरल टाउनशेंड याच्या हाताखालील सहावी पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ रोजी तैग्रिसच्या वळणातील कुत-अल-अमारा येथे वेढली गेली, तेव्हा ही उणीव जाणवली. मैदानी तोफेचा गोळा जवळच्या खंदकात बसलेल्या शत्रूच्या डोक्यावरून निघून जातो. उखळी तोफेचा गोळा उंच चढून थेट खाली पडतो. तशी तोफ गावातच बनवावी लागली. विमानाच्या निकामी इंजिनाचा सिलिंडर नळी म्हणून वापरला गेला, बाँबही हाताने तयार झाले. तुर्कांकडे मात्र एक जुनी पितळी उखळी तोफ होती.

हे खंदक ज्यांनी राखले, त्यांत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ‘मराठा’ हे नाव वाचून त्यात मुसलमान नव्हते असे समजण्याची चूक सहज होते. त्या काळच्या रचनेत मराठा पलटणीच्या आठ कंपन्यांपैकी सहा मराठ्यांच्या आणि दोन दख्खनी मुसलमानांच्या असत. २४ डिसेंबर १९१५ रोजी ईशान्येकडील किल्ल्यावर तुर्कांचा मोठा हल्ला झाला, तेथे १०३ वी पलटण होती. ११० वी नदीपलीकडच्या वस्तीत होती. कुतशी तिचा संबंध नावेनेच राहत असे.

या शिपायांपुढचा पेच इतरांहून वेगळा होता. समोरचे सैन्य खलिफाचे होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहादचा फतवा निघाला होता. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात मुसलमान शिपायांच्या पाचव्या लाईट इन्फन्ट्रीतील अनेकांनी बंड केले होते. त्यातच कुतच्या आधीची लढाई, २२ नोव्हेंबर १९१५ पासूनची, हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या कबरीजवळ झाली. अहजाबच्या प्रसंगी मदीनेभोवती खंदक खणण्याची सूचना याच सहाबींनी केली होती, हे मदरशात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या गावाचे नाव सलमान पाक. इंग्रजांनी लढाईला ‘टेसिफॉन’ हे प्राचीन नाव रूढ केले. मुसलमान शिपायांचे मन बिथरू नये, हा त्यामागचा हेतू होता.

वेढ्यात तुर्कांनी हिंदुस्थानी भाषांतील पत्रके खंदकांत टाकली: अधिकाऱ्यांना मारा आणि आमच्याकडे या. काही जण पळून गेले, हे खरे. टाउनशेंडने मुसलमान शिपायांविषयी अविश्वास बोलून दाखवला आणि पुढील लेखकांनी तोच धागा ओढला. पण पाच महिन्यांच्या उपासमारीत बहुसंख्य शिपाई शेवटपर्यंत आपल्या जागी राहिले, ही गोष्ट त्या लेखनात दुय्यम ठरते. पळालेल्यांची चर्चा होते. राहिलेल्यांना कोणी कारण विचारत नाही.

घोड्याच्या मांसाचा प्रश्न या दृष्टीने बोलका आहे. धान्य संपत आले, तेव्हा घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले, हिंदी शिपायांनी नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली गेली. हनफी मतात घोड्याचे मांस मकरूह, तर शाफई मतात जायज आहे. कोकणातील शाफई मुसलमानाला फिकहच्या दृष्टीने अडचण नव्हती. तरीही परवानगी येऊनही बहुतेकांनी ते खाल्ले नाही. कारण ग्रंथात नव्हते, गावात होते. परत गेल्यावर भाऊबंद काय म्हणतील, ही धास्ती हिंदू-मुसलमान दोघांनाही होती. एप्रिल १९१६ मध्ये वरून सक्त हुकूम झाला, आपल्या मर्जीने खाल्ल्याचा ठपका कोणा एकावर राहिला नाही, आणि मगच बहुतेकांनी ते स्वीकारले. तोपर्यंत स्कर्व्हीने शेकडो हिंदी शिपाई अंथरुणाला खिळले होते. उलट गोऱ्यांत मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी पसरली. जाडेभरडे पीठ खाणारे हिंदी शिपाई त्यातून वाचले. याला केवळ ‘धार्मिक हट्ट’ म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही.

२९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. तुर्कांनी मुसलमान कैदी वेगळे काढले, त्यांना सवलती देऊ केल्या, काहींना आपल्या बाजूला वळवण्याचा प्रयत्न केला. तरी वाळवंटातील पायपीट त्यांना चुकली नाही. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळ जण रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर लावले गेले आणि तेथेच अनेक मेले.

युद्धानंतर, १९२२ च्या पुनर्रचनेत, या पलटणी पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीत आल्या आणि बेळगाव हे प्रशिक्षणाचे ठाणे झाले. ११० वी तिसरी बटालियन झाली; तिने १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनची लढाई लढली. तोवर पायदळाला तीन इंची मॉर्टर सरकारी पुरवठ्यातून मिळू लागली होती. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उघडले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या आहे. तिच्यात मराठा किती, दख्खनी मुसलमान किती, हे त्या दगडावरून कळत नाही. १९९७ मध्ये ते स्मारक नासिरियाकडील वाळवंटात हलवले गेले.