'पीपल्स' या नावात काय होतं? : नांदेड आणि लातूरच्या दोन वाटा

अमेरिकेत क्वेकर पंथाच्या लोकांनी १८३३ साली हॅवरफर्ड इथे शिक्षणसंस्था काढली. साधेपणा, समता, सगळ्यांच्या संमतीनं निर्णय ही पंथाची मूल्यं पुढे कॉलेजचीही झाली. आपल्याकडे संस्थापकांची मूल्यं अशी कुठे उतरली, असं कुणी विचारलं तर आम्ही नांदेडच्या पीपल्स कॉलेजकडे बोट दाखवू.

१९५० साल. हैदराबाद संस्थान भारतात येऊन दोनच वर्षं झालेली. त्याआधी नांदेडच्या मुलाला पदवी हवी असली तर हैदराबाद गाठायचं, नाहीतर पुणं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासूनचं, पण शिकवणार उर्दूतून! मराठी घरातल्या पोरानं इतिहास, अर्थशास्त्र, सगळं परक्या भाषेत शिकायचं.

कॉलेजमागे उभे होते स्वामी रामानंद तीर्थ. मुळात मास्तर माणूस. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, मग अंबाजोगाई, मग स्टेट काँग्रेसचा लढा आणि तुरुंग. आता गंमत बघा. संस्थापक भगव्या वस्त्रातला संन्यासी, पण कॉलेजला नाव देवाचं नाही, गुरूचं नाही, देणगीदाराचंही नाही. नाव लोकांचं. जिथे कालपर्यंत रयतेला विचारत नव्हते तिथे हे नाव देणं साधी गोष्ट नव्हती. (त्याच वर्षी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं. नावामुळे पुष्कळांची गल्लत होते; संस्था दोन वेगळ्या.)

या मूल्यांचं जितंजागतं रूप म्हणजे नरहर कुरुंदकर. इंटरला नापास झालेला हा माणूस. शाळेत मास्तरकी करता करता पदव्या घेतल्या, पीपल्समध्ये मराठीचे प्राध्यापक झाले आणि पुढे प्राचार्य. विषय मराठी, पण बोलायचे मनुस्मृतीवर, शिवाजी महाराजांवर, नाट्यशास्त्रावर, राज्यघटनेवर. गावोगावी व्याख्यानं. कॉलेजचा वर्ग फाटकाबाहेरही भरतो, हे मराठवाड्याला त्यांनी दाखवलं. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच ते गेले.

त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. पुढे गाजला तो 'लातूर पॅटर्न' : जादा तास, चाचण्यांवर चाचण्या, मग मेडिकल-इंजिनिअरिंग. नाक मुरडणं सोपं आहे. पण राजर्षी शाहू कॉलेजातून कोरडवाहू शेतकऱ्याची पोरं डॉक्टर झाली, हेही लोकांचंच काम की नाही? आमची तक्रार वेगळी आहे. पेपरात जे येत नाही ते शिकवायला तिथे वेळ उरला नाही.

आणि तरी याच शाहू कॉलेजचे प्राचार्य होते जनार्दन वाघमारे. इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याचे अभ्यासक. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामीजींच्या नावानं विद्यापीठ निघालं, तेव्हा पहिले कुलगुरू म्हणून लातूरचे वाघमारेच आले.