हाली, कलदार आणि वित्तशास्त्राचा पहिला धडा



‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गावाचे नाव एका धनिक मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, इच्छेवरून पडले अशीही आख्यायिका आहे; ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण एवढ्या व्यापारी गावातही वाणिज्य शाखेचे नाव निघाले की काही पालक म्हणतात, “हा व्याजाचा विषय, आमच्या मुलांना नको.” म्हणून हा विषय आपल्या भागात किती जुना आहे ते पाहू या.

महाविद्यालयात वित्तशास्त्राचा पहिला धडा असतो तो असा, की आजचा रुपया आणि तीन महिन्यांनी हाती येणारा रुपया सारख्या मोलाचे नसतात. जुन्या पेढ्यांना हे पुस्तकाविना ठाऊक होते. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या दिवशी. एक हजाराची मुदती हुंडी आजच विकावयाची तर पेढीवाला, समजा, ९८० रुपये देई. त्या २० रुपयांत मुदतीचे मोल असे आणि पैसे बुडण्याचा धोकाही. पुस्तकात यालाच वर्तमान मूल्य आणि जोखीम म्हणतात.

दुसरा धडा विनिमय दराचा. जालना निजामाच्या राज्यात होते. येथे हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. साधारणपणे ७ हाली म्हणजे ६ कलदार. १९०० साली मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला आणि येथील कापसाला मुंबईची वाट सोपी झाली. तेथे ६०० कलदारांना विकलेल्या मालाचे येथे ७०० हाली होत. बट्ट्याचा हिशेब चुकला की नफा गेलाच! हाली नाणे १९५१ नंतर निघाले नाही आणि १९५९ साली चलनातून बाद झाले. १९४१ साली स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक, म्हणजे पुढची स्टेट बँक ऑफ हैदराबाद, १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. तिची पासबुके अजून काही घरांच्या पेटीत सापडतील.

आता व्याजाची शंका. ती टाळण्यासारखी नाही, आणि आपल्या विद्वानांनी ती टाळलीही नाही. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथे उच्च शिक्षण उर्दूतून मिळे. अर्थशास्त्रावर उर्दूत ग्रंथ लिहिणारे इलियास बर्नी तेथेच प्राध्यापक होते. तेथील अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख अन्वर इक्बाल कुरेशी यांनी पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञांचे व्याजविषयक सिद्धान्त एकेक तपासून व्याजाविरुद्ध पुस्तक लिहिले. उस्मानियाचेच डॉ. मुहम्मद हमीदुल्ला यांनी हैदराबादेतील बिनव्याजी कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांवर लेखन केले. ध्यानात घ्या, व्याजाला नकार देणारी ही माणसे व्याजाचे शास्त्र कोळून प्यालेली होती. न शिकता नकार देणाऱ्याला सावकार विचारतो कुठे?

आपल्या ओळखीत कोणी ‘शेकडा दोन’ने पैसे घेतले असतील. दोन हा आकडा लहान वाटतो, पण तो दरमहाचा असतो. व्याज थकून मुदलात मिळत गेले तर १०० रुपयांचे तीन वर्षांत २०४ होतात. दहावीतल्या मुलीला हा हिशेब कागदावर मांडून दाखवायला सांगा.