व्हिक्टोरियन काळातलं नको असलेलं लग्न: रखमाबाईंची खरी गोष्ट आणि आजच्या धडगावचा कायदा

पुस्तकांच्या रील्स बघत असाल तर हा प्लॉट तुम्हाला तोंडपाठ असेल. आजच्या काळातली सोळा-सतरा वर्षांची मुलगी. तिला आजीच्या ट्रंकेत एखादं जुनं घड्याळ किंवा लॉकेट सापडतं. डोळे उघडते तर समोर घोडागाड्या, गॅसचे दिवे आणि राणी व्हिक्टोरियाचं राज्य. तिथं तिचं लग्न एका खडूस माणसाशी ठरलेलं असतं. मग एक देखणा मुलगा येतो, थोडी पळापळ, थोडं प्रेम, आणि शेवटी घड्याळ उलटं फिरतं. मुलगी घरी.

इंग्रजी किशोर कादंबऱ्यांमध्ये हा मसाला चालतो कारण वाचणाऱ्या मुलीला लगेच प्रश्न पडतो, मी तिथं असते तर काय केलं असतं? त्या काळात खरोखर अडकलेली, जवळ कुठलंही जादूचं घड्याळ नसलेली आणि तरीही 'मी जाणार नाही' म्हणणारी एक मुलगी मुंबईत होती. रखमाबाई तिचं नाव. तिचा खटला लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचला होता.

आधी 'व्हिक्टोरियन' म्हणजे काय ते बघू

राणी व्हिक्टोरिया गादीवर होती १८३७ ते १९०१. कादंबऱ्यांत हा काळ लेस, चहा आणि नाचाच्या मैफलींचा दिसतो. कायद्यात तो जरा वेगळा होता. इंग्लंडमध्ये मुलीच्या लग्नाचं किमान कायदेशीर वय १२ होतं आणि ते १९२९ पर्यंत तसंच राहिलं. प्रत्यक्षात तिथल्या बहुतेक मुली विशीनंतर लग्न करायच्या, पण कागदावर वय १२च. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा पुरता हक्क मिळाला १८८२च्या कायद्यानं.

आणि एक हत्यार होतं, ज्याच्याभोवती आपली सगळी गोष्ट फिरते. नवरा किंवा बायको वेगळं राहायला लागली तर दुसरा जोडीदार कोर्टात जाऊन 'हिला किंवा ह्याला परत नांदायला पाठवा' असा हुकूम मागू शकायचा. आपल्याकडं याला 'वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना' म्हणतात. ही कल्पना ना धर्मशास्त्रातली, ना आपल्या रूढीतली. ती इंग्लंडच्या चर्च कोर्टांतून आली आणि इंग्रजांसोबत बोटीनं मुंबईत उतरली.

अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी नोटीस

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४चा, मुंबईतल्या सुतार समाजातल्या घरात. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांच्या जातीत विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती. त्यांनी आपली मालमत्ता मुलीच्या नावावर केली आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे डॉक्टर म्हणजे साधे गृहस्थ नव्हेत. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे, वनस्पतींचा अभ्यास करायचे, आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांमध्ये जे दोन भारतीय होते त्यातले एक.

एवढ्या सुधारकी घरातही मुलीचं लग्न अकराव्या वर्षी झालं. हे लक्षात ठेवा, कारण 'पूर्वी फक्त अडाणी लोकच असं करायचे' हा समज इथंच मोडतो. नवरा दादाजी भिकाजी, डॉक्टरांच्याच नात्यातला, वय एकोणीसच्या आसपास. ठरलं असं होतं की दादाजी याच घरात राहील आणि शिकून मोठा होईल. पण अभ्यास काही त्याच्या पचनी पडला नाही. तो मामाकडं जाऊन राहिला. मामाच्या घरातलं वातावरण बिघडलेलं होतं. तब्येत आणि वागणं, दोन्ही घसरत गेलं.

इकडं रखमाबाई आईच्या घरीच राहिल्या. लहान वयात शरीरसंबंध नको, ही डॉक्टर बापाची ठाम भूमिका होती. शाळा सुटली होती, म्हणून त्या मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून घरी वाचत. आर्य महिला समाजात जाऊ लागल्या. दोन माणसं लग्नाच्या एका धाग्यानं बांधलेली, पण दोन टोकांना वाढत होती.

मार्च १८८४ मध्ये दादाजीनं वकिलामार्फत पत्र पाठवलं की बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाईंनी नकार दिला. मग हायकोर्टात दावा दाखल झाला.

तीन निकाल आणि एक तडजोड

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं साधं होतं. हे लग्न बाई अजाण असताना झालं, दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, मग 'पुनर्स्थापना' कशाची करायची? जे कधी नव्हतंच ते परत कसं आणणार?

निकालावर रान उठलं. एका बाजूला बेहरामजी मलबारींसारखे सुधारक, दुसऱ्या बाजूला टिळकांचा 'केसरी'. इंग्रजी शिक्षणानं बायका बिघडतात इथपासून परक्या सरकारनं आमच्या घरात नाक खुपसू नये इथपर्यंत सगळे मुद्दे निघाले. गंमत बघा, धर्म बुडाला म्हणून ओरडणारे ज्या हत्याराची बाजू घेत होते, ते हत्यारच विलायती होतं.

त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीनं दोन पत्रं छापून आली. बालविवाहानं मुलींचं शिक्षण, शरीर आणि मन कसं मारलं जातं, ते त्यात रोखठोक लिहिलं होतं. लिहिणाऱ्या रखमाबाईच होत्या. आजच्या भाषेत अनामिक अकाउंटवरून लिहिलेला थ्रेड म्हणा.

दादाजीनं अपील केलं. १८८६ मध्ये सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा सुनावणीला पाठवला. ४ मार्च १८८७ला न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: महिन्याभरात नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

रखमाबाईंचं उत्तर होतं, तुरुंग चालेल.

यातला सगळ्यात बोचरा भाग असा. असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकायची तरतूद खुद्द इंग्लंडनं १८८४ मध्येच काढून टाकली होती. म्हणजे ज्या वर्षी दादाजीनं नोटीस पाठवली त्याच वर्षी. हिंदुस्थानच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र ती शाबूत होती. लंडनची बाई सुटली, मुंबईची अडकली.

शेवट कोर्टात झालाच नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीनं २,००० रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी मागणार नाही असं कबूल केलं.

'राणीनं लग्न मोडलं' हे खरं आहे का?

ही गोष्ट तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचली असेल: रखमाबाईंनी व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं आणि राणीनं कोर्टाचा निकाल रद्द करून लग्न मोडलं. ऐकायला छान आहे, कादंबरीत तर शोभूनच दिसेल. १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये रखमाबाईंचं पत्र छापून आलं होतं, इतकं खरं. पण खटला मिटला तो वर सांगितलेल्या तडजोडीनं. या खटल्यावर इतिहासकार सुधीर चंद्र यांनी 'एन्स्लेव्ह्ड डॉटर्स' हे अख्खं पुस्तक लिहिलंय, त्यातही शेवट हाच येतो.

आणि तो घटस्फोट नव्हता. तेव्हाच्या हिंदू कायद्यात घटस्फोटाची सोयच नव्हती. दादाजीनं पुढं दुसरं लग्न केलं, कारण पुरुषाला मुभा होती. १९०४ मध्ये तो वारल्यावर रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेश घेतला असं सांगितलं जातं. आज वाचताना हे खटकतं. मला वाटतं, ज्या लग्नातून कायद्यानं त्यांना कधी सोडलंच नाही, त्याचा हिशेब त्यांनी आपल्या पद्धतीनं पुरा केला असावा.

कादंबरीतल्या देखण्या मुलाची जागा मात्र रिकामीच राहिली. त्याऐवजी आली एक डॉक्टर. कामा हॉस्पिटलच्या एडिथ पीची यांनी प्रोत्साहन दिलं, निधी जमला आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलला गेल्या. १८९५ मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या. एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' प्रसिद्ध झाली तेही हेच वर्ष. सुरत आणि मग राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ काम केलं. २५ सप्टेंबर १९५५ला, नव्वदीत, त्या गेल्या.

ते हत्यार अजून आहे

रखमाबाई गेल्या त्याच्या चार महिने आधी, १८ मे १९५५ला, हिंदू विवाह कायदा लागू झाला. घटस्फोट आला. पण कलम ९ मध्ये तीच जुनी 'पुनर्स्थापना' बसवून ठेवली. आता तुरुंग होत नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि एक वर्ष हुकूम पाळला गेला नाही तर तो घटस्फोटाचा आधार होतो. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं, १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते वैध ठरवलं. इंग्लंडनं ही तरतूद १९७० मध्येच फेकून दिली. नांदायला जाण्याचा हुकूम बायकोनं पाळला नाही एवढ्यानं तिची पोटगी आपोआप बुडत नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं.

धडगावची मुलगी मागं गेली तर?

आता टाइम मशीन नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावात ठेवू. सातपुड्यातल्या या अक्राणी तालुक्यात भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना मुळात लागूच नाही, कलम २(२) तसं सांगतं. म्हणजे कलम ९ नाही, पण त्याच कायद्यातली घटस्फोटाची वाटही नाही. लग्नाचा व्यवहार रूढीनं चालतो. इथं हुंडा नव्हे, देज असतं: मुलाकडचे मुलीच्या घरी पैसे देतात. मुलगी नांदली नाही तर पंच बसतात आणि देज परत करण्याचा हिशेब होतो. मुंबई हायकोर्टात चार वर्षं इंग्रजी कायदा पिंजून शेवटी २,००० रुपयांवर गाडी थांबली, ती यापेक्षा फार वेगळी नव्हती. पण देजाची दुसरी बाजू अशी की पैसे परत द्यायची ऐपत नसेल तर मुलीवरच परत जायचा दबाव येतो.

एक कायदा मात्र जात, धर्म, जमात बघत नाही: बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६. मुलगी १८ आणि मुलगा २१ च्या आत असेल तर लग्न लावणारे, ठरवणारे आणि अठरा ओलांडलेला नवरा यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावातला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. ठरलेलं लग्न न्यायदंडाधिकाऱ्यांच्या मनाई हुकमानं थांबवता येतं. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, फोन मोफत, तक्रार मुलगी स्वतः करू शकते किंवा तिची मैत्रीणही.

आणि लग्न होऊन गेलं असेल तर? ते आपोआप रद्द होत नाही, इथं बरेच जण फसतात. जबरदस्तीनं पळवून किंवा विकून लावलेलं लग्न शून्य ठरतं. बाकी बालविवाह ज्याचं वय कमी होतं त्यानं मागितलं तरच रद्द होतो. मुलीला ही मागणी २० वर्षं पूर्ण व्हायच्या आत करता येते. अजून अठरा पुरी नसतील तर पालक किंवा जवळची व्यक्ती प्रतिबंधक अधिकाऱ्यासोबत तिच्या वतीनं अर्ज करते. लग्न रद्द करताना कोर्ट तिला पुन्हा लग्न होईपर्यंतची पोटगी आणि राहायच्या जागेची सोय देऊ शकतं. मूल झालं असेल तर ते कायदेशीरच मानलं जातं.

अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. धडगावहून म्हणजे घाट उतरून शहादा आणि तापी ओलांडून नंदुरबार. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.