चंद्रावरची वटवाघळं आणि १ सेंटचा पेपर

सप्टेंबर १८३३ मध्ये बेंजामिन डे या छापखानेवाल्याने न्यूयॉर्कमध्ये ‘सन’ हे दैनिक काढलं. बाकी पेपर ६ सेंटला, हा १ सेंटला. कमाईची खरी मदार जाहिरातींवर, आणि जाहिरातदार येणार खप बघून. म्हणजे वाचक हा गिऱ्हाईक कमी आणि विकायचा माल जास्त.

२५ ऑगस्ट १८३५ पासून त्यात ६ लेखांची मालिका आली. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल तेव्हा खरोखरच आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपमध्ये, दुर्बीण घेऊन बसले होते. खरं तेवढंच. त्याला जोडली चंद्रावरची जंगलं, दोन पायांवर चालणारे बीव्हर आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसं! हवाला ‘एडिंबरो जर्नल ऑफ सायन्स’चा दिला, जे तोवर बंदही पडलं होतं. तपासणार कोण? केपला पत्र बोटीनं जायचं, उत्तराला महिने लागायचे.

मी हे वर्गात सांगतो तेव्हा मुलं हसतात. मग विचारतो, काल आलेला फॉरवर्ड कुणी तपासला? वर्ग गप्प. (शिक्षकांच्या खोलीतही वेगळं चित्र नसतं.)

‘सन’ने आपला खप १९,३६० असल्याचं, जगात सर्वाधिक असल्याचं छापलं. आकडाही त्यांचाच, बरं का! लेखांची पुस्तिका काढून तीही विकली. लिहिणारा रिचर्ड अॅडम्स लॉक, त्याच पेपरचा संपादक. पेपरने सरळ कबुली कधीच दिली नाही. आणि फसलेले वाचक? ते दुसऱ्या दिवशी पुन्हा १ सेंट देऊन तोच पेपर घेत राहिले. मला जास्त खटकतं ते हे.